गंजलेल्या डिस्क आणि सोमवारची पाहणी

बाबांच्या पिकअपच्या पुढच्या दोन गंजलेल्या ब्रेक डिस्क काढायला मला एक शनिवार, एक रविवार, तीन हातोडे आणि माझी सगळी सार्वजनिक अब्रू लागली. डिस्क निघाल्या. बाकीचं अजून परत मिळालेलं नाही.

मी कार्यकर्ती आहे. पगारी नाही, संतापी. आमचा ‘पादचारी संघर्ष मंच’ आहे. सभासद चार. (त्यातली एक माझी आत्या. आपण सभासद आहोत हे तिला माहीत नाही.) कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते, आणि पत्रक कसं लिहायचं हे मला कोणी शिकवायला नको. मथळा प्रश्नार्थक, मजकूर जळजळीत, मागण्या पाच आणि उद्गारचिन्हं तीनच्या खाली नाहीत!!!

माझं सर्वांत यशस्वी पत्रक म्हणजे ‘फूटपाथ कोणाच्या बापाचा?’ मरोळला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर दिगूमेस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, तर एक कंप्रेसर, दोन पेट्या, एक पत्रा आणि खाली ग्रीसने काळा झालेला फूटपाथ. म्हाताऱ्यांनी चालायचं कुठून? बाळंतिणींनी चालायचं कुठून? मी पाचशे प्रती वाटल्या, वॉर्ड ऑफिसात तीन महिने खेटे घातले, आणि एक दिवस खरोखर गाडी आली आणि कंप्रेसर, पेट्या, पत्रा सगळं उचलून घेऊन गेली. पत्रकाखाली माझं नाव नव्हतं. ‘एक जागरूक नागरिक’ एवढंच.

दिगूमेस्त्री हे बाबांचे वीस वर्षांचे दोस्त. बाबा त्या आठवड्यात बायपाससाठी हॉस्पिटलात होते. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “दिगू खय?”

“गॅरेज बंद केलं त्यांनी. गावाला गेले.”

हे मी बोलले. माझ्या तोंडाने. पारदर्शक कारभाराची मागणी करणाऱ्या तोंडाने!

त्यानंतर बाबांनी त्यांना फोन केला नाही. “वीस वर्षांचो दोस्त. माझी छाती फाडल्यानी, तरी एकदा पण आलो नाय. मी कित्याक करू फोन?” दिगूमेस्त्रींनीही केला नाही. बाबांचं चालणं डॉक्टरांनी आवारापुरतं ठेवलेलं, गेट ते पाण्याची टाकी, टाकी ते गेट. बाहेर काय चिकटवलंय ते त्यांनी कधी पाहिलंच नाही.

आणि त्या वर्षभरात पिकअप आवारातल्या बदामाच्या झाडाखाली उभी राहिली. बाबांनी तिच्यातून आयुष्यभर धक्क्यावरची मासळी वाहिली. मिठाचं पाणी वर्षानुवर्षं खाली गळत राहिलेलं, त्यात ती एक वर्ष हललीच नाही. सोसायटीतली मांजरं मात्र अजूनही तिच्या पाठीमागे आशेने बसायची.

मग एका शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, “हलकी गाडी चालवायला हरकत नाही.” त्या दिवशी बाबांनी स्वतःहून दाढी केली. गाडीचं पासिंग संपलं होतं, सोमवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. आम्हाला आरटीओच्या एजंटने स्पष्ट सांगितलेलं, “पुढचे ब्रेक गेलेत. डिस्क बदला. गाडी जुनी आहे, या वेळी नापास झाली तर पुढे काही खरं नाही.” म्हणजे भंगार. आणि गाडी भंगारात म्हणजे बाबा खिडकीत, कायमचे. एक वर्ष ते त्या खिडकीत बसलेले आम्ही पाहिले होते. आईने नवीन डिस्कची जोडी दुकानातून आणली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देवाच्या फळीखाली ठेवली.

“आता ह्यो बसवतलो कोण?” बाबा म्हणाले. मग बदामाच्या झाडाकडे बघत, “दिगू असतो तर…”

“मी बसवते!” मी म्हणाले.

“तू? तुका पानो तरी धरूक येता?”

“शिकण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, बाबा.”

“शिक गो. माझ्या गाडीवर कित्याक शिकतंस?”

आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “करू दे तिला. पत्रकं वाटून ब्रेक लागत नाहीत, हे तरी कळेल.”

शनिवारी सकाळी आठ. मी तीन व्हिडिओ पाहिलेले. एकात एक गोरा माणूस स्वच्छ गॅरेजमध्ये हसत हसत डिस्क काढतो. डिस्क म्हणजे चाकाच्या आत फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा पंजा तिला दोन्ही बाजूंनी आवळतो आणि गाडी थांबते. चाक काढायचं, कॅलिपर सोडवायचा, थाळी ओढायची. तीन पायऱ्या! माझ्या पत्रकात मागण्यासुद्धा पाच असतात.

मी जॅक लावला, गाडी वर घेतली, नटाला पाना लावला आणि जोर केला. नटाबरोबर चाकच गरगर फिरलं.

खिडकीतून बाबा म्हणाले, “गाडी वर घेवच्या आधी नट सैल करूचे असतत.”

“मला माहीत आहे!”

“माहीत आसा तर वर कित्याक घेतलंस?”

गाडी खाली घेतली. नट हलेना. मी पान्यावर उभी राहिले. हलेना. मी पान्यावर उड्या मारायला लागले. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. चौथ्या उडीला नट सुटला, पाना सुटला आणि मी मांजरांमध्ये जाऊन बसले.

दहा वाजेपर्यंत चाक निघालं. कॅलिपरही निघाला. तो लोंबकळू नये म्हणून मी त्याला आमच्या मंचाच्या बॅनरच्या दोरीने बांधून ठेवलं. आणि मग समोर ती डिस्क आली. तपकिरी, पोपडे आलेली, मागच्या हबला, म्हणजे चाक जिच्यावर बसतं त्या लोखंडी बैठकीला, अशी चिकटलेली की दोन वेगळ्या वस्तू आहेत हे सांगूनही खरं वाटू नये. मी ओढली. काही नाही. पाय लावून ओढली. काही नाही. गंज काढायचा स्प्रे मारला, वाट बघितली, पुन्हा ओढली. मला राग आला. प्रस्थापितांबद्दल मला जसा येतो तसाच. मी हातोडा घेतला.

पहिला हातोडा आमच्या घरचा. सहाव्या घावाला त्याचं डोकं उडून पाण्याच्या टाकीत गेलं. (ते अजून तिथेच आहे. ही माहिती मी पहिल्यांदाच जाहीर करते आहे.) दुसरा मी वॉचमनकडून आणला. त्या आवाजाने सेक्रेटरी नाडकर्णीकाका खाली आले, काखेत फाइल घेऊन. निवृत्त झाल्यापासून काका फाइलशिवाय दिसलेले नाहीत.

“काय चाललंय हे?”

“काका, डिस्क काढतेय. सोमवारी बाबांच्या गाडीचं पासिंग आहे.”

“अगं, पण नियम काय आहे? गेल्या वर्षीच्या सभेत ठराव झालाय. ‘आवारात कोणत्याही प्रकारची वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे!!!’”

“हो, पण इथे परिस्थिती वेगळी—”

“कलम चार,” काका पान उलटत म्हणाले. “‘कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही!!!’”

“काका, एक मिनिट, माणुसकीच्या दृष्टीने—”

“कलम पाच. ‘दुरुस्तीची हत्यारे जप्त करण्यात येतील!!!’ फार सुंदर ड्राफ्टिंग आहे तुझं. मला तर एक शब्द बदलावा लागला नाही.” त्यांनी हात पुढे केला. “हातोडा.”

मी हातोडा दिला. काय करणार? ठराव मीच लिहिलेला, मीच मांडलेला, आणि दिगूमेस्त्री फूटपाथवरून उठून आवारात येऊ नयेत म्हणून मीच मंजूर करून घेतलेला.

“गेटच्या बाहेर काय करायचं ते कर,” काका म्हणाले. “बाहेर माझी हद्द नाही.”

त्यामुळे शनिवारी संध्याकाळी मी चाक परत बसवलं, आणि मी, वॉचमन आणि इमारतीतले दोघे असे मिळून गाडी ढकलत बाहेर काढली. रस्त्यावर उभी करायला जागा नव्हती. होती ती एकच मोकळी जागा. तिथे पूर्वी एक कंप्रेसर, दोन पेट्या आणि एक पत्रा होता.

जागा मोकळी मी करून घेतली होती. फूटपाथ अजूनही काळाच होता.

रविवारी सकाळी मी चाक पुन्हा काढून तिथे बसले. आकाश देवनारच्या कचराडेपोच्या धुरासारखं राखाडी, हवेत गरम लोखंडाचा वास. तिसरा हातोडा मला नाडकर्णीकाकूंनी नवऱ्याला न सांगता मागच्या दाराने दिला होता. भला मोठा, दगड फोडायचा. तो मी दोन्ही हातांनी डोक्यावर घ्यायची आणि हाणायची. काही घाव डिस्कवर बसायचे, काही हबवर, काही चाकाचे नट ज्यांच्यावर बसतात त्या बोल्टांवर. डिस्क जागची हलली नाही. बोल्टांचे आटे मात्र चांगलेच हलले.

लोकांना फूटपाथवरून जायला जागा नव्हती. ते रस्त्यावर उतरून जात होते. एक आजी माझ्यासमोर थांबल्या.

“काय गं ए, म्हाताऱ्या माणसांनी चालायचं कुठून?”

हे वाक्य माझं होतं! दुसऱ्या परिच्छेदातलं!

“आजी, फक्त आजचा दिवस.”

“सगळे असंच म्हणतात. ते वर काय चिकटवलंय ते वाच जरा. शिकलेली दिसतेस.”

मी वर बघितलं. विजेच्या पेटीवर, बरोब्बर माझ्या डोक्याच्या वर, माझं पत्रक होतं. शेवटचं उरलेलं. त्या वेळी मी मुद्दाम भारी गोंद वापरला होता.

ते खरवडून काढावं म्हणून मी उठले, तर गेटमधून बाबा येत होते. एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसरा हात आईच्या खांद्यावर. वर्षभरात पहिल्यांदाच पायी गेटबाहेर.

“घरात बसान आवाज आयकवत नाय,” ते म्हणाले. “तू डिस्क काढतंस की खाण खणतंस?”

खुर्ची टेकवली. बसले. समोर विजेची पेटी. बाबांनी खिशातून चष्मा काढला. मी हातोडा खाली ठेवला. पळून जायला फूटपाथ मोकळा नव्हता.

त्यांनी पत्रक वाचलं. वरपासून खालपर्यंत, मागण्यांसकट. मथळा मी ब्रशने हाताने काढला होता आणि मग प्रती मारल्या होत्या. ब्रश धरायला मला बाबांनी शिकवलेलं. पिकअपच्या मागच्या फळीवरचं ‘हॉर्न द्या’ त्यांनीच रंगवलंय, आणि शेवटच्या अक्षराला खाली लांब शेपूट काढायची खोड मी तिथूनच उचलली आहे. फळी आणि पत्रक यांच्यात तेव्हा जेमतेम सहा फुटांचं अंतर होतं. बाबांनी फळीकडे बघितलं. पत्रकाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

“दिगू गावाक गेलो मां?”

मी खाली पडलेले नट गोळा करायला लागले.

“गावाक गेलो, असा सांगलंस तू माका.”

“बाबा, फूटपाथ मोकळा असणं हा तत्त्वाचा प्रश्न—”

“माका पत्रक वाचून दाखवू नको. वाचलंय मी.” त्यांनी आपला फोन माझ्यासमोर धरला. “लाव. माझ्यासमोर लाव.”

आई नेहमी काहीतरी बोलते. त्या दिवशी मात्र ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उगाच आरसा पुसायला लागली.

मी फोन लावला. “मेस्त्री, मी… तुकारामशेठची मुलगी बोलतेय. गाडीच्या पुढच्या डिस्क…”

“निघत नाहीत?”

“नाही.”

“आलोच.” एवढंच.

ते तासाभराने बसने आले. वर्षात बारीक झालेले. हातात कापडी पिशवी. गॅरेज गेल्यावर ते देवनारच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे कामाला लागले होते. जन्मभर गाड्या जोडल्या, आता गॅसने कापायच्या. बाबा खुर्चीतून उठायला लागले, तर मेस्त्रींनी खांदा दाबून खाली बसवलं.

“छाती कशी आसा?”

“आसा. तू आयलस नाय बघूक.”

“येवचो होतो.” मेस्त्रींनी विजेच्या पेटीवरच्या पत्रकाकडे नजरही टाकली नाही. “तुझ्या घराची बेल दाबूक हात वर जाय ना.”

म्हणजे पत्रक माझं आहे हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून! आणि वर्षभर त्यांनी बाबांना सांगितलं नव्हतं.

मग ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि डिस्कवरून अंगठा फिरवला. “कोणी मारलं हे?”

“मी.”

“कशाने?”

मी हातोडा दाखवला. त्यांनी तो उचलून बघितला आणि दूर ठेवला, लहान मुलाच्या हातातली सुरी दूर ठेवावी तसा. पिशवीतून एक खिळा काढून त्यांनी डिस्कच्या तोंडावरचा मळ दोन ठिकाणी टोकरला. आत भोकं होती. दोन. समोरासमोर. आट्यांची. मी दोन दिवस त्यांच्यावर हातोडा मारत होते!

“ही कंपनीने ह्याच्यासाठीच दिलेली असतात,” मेस्त्री म्हणाले. त्यांनी दोन्हींत एकेक बोल्ट घातला. पान्याने एकाला अर्धा फेरा, दुसऱ्याला अर्धा फेरा. पुन्हा याला, पुन्हा त्याला; बोल्टांची टोकं मागच्या हबला रेटत गेली. “एकाच बाजूने जोर केला की अडकतं. हळूहळू दोन्हीकडून ढकलायचं.”

टक्.

डिस्क सुटून त्यांच्या हातात आली. चहा थंड व्हायला लागतो त्याहून कमी वेळात.

अर्ध्या तासात दुसऱ्या बाजूचीही निघाली. हब घासून, ग्रीसचं बोट फिरवून नव्या डिस्क बसवल्या, कॅलिपर बांधले. बाबा खुर्चीतून नुसते बघत होते, आणि त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. मग मेस्त्रींनी ड्रायव्हरच्या बाजूचं चाक उचललं, बोल्टांवर ठेवलं आणि थांबले.

“ह्या चार बोल्टांचे आटे गेलेत. नट चढणार नाही.”

“मग?” आईने विचारलं.

“नवीन लागतील. आज रविवार, दुकान बंद. उद्या नऊला साकीनाक्यावरून आणतो. साडेनऊला चाक, दहाला निघू, अकराच्या आधी पोचू. काळजी नको, वहिनी.”

गाडी रात्रभर जॅकवर आणि विटांवर तिथेच राहिली. बाबांनी संध्याकाळीच उद्याचा शर्ट काढून ठेवला.

सोमवार. सकाळी साडेआठ. मी गाडीपाशी उभी होते, मेस्त्री बोल्ट आणायला गेलेले, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. तेवढ्यात वॉर्ड ऑफिसची क्रेनवाली गाडी येऊन थांबली.

“ही कोणाची पिकअप?”

“आमची! साहेब, फक्त एक तास. मेस्त्री बोल्ट आणायला गेलेत, अकराला पासिंग आहे—”

“मॅडम, आम्ही पाहणीला आलोय. उचलावी लागेल.”

“कसली पाहणी? कोणी तक्रार केली?” माझा आवाज चढला. “नाव सांगा! निनावी तक्रारींवर तुम्ही गरिबाची गाडी उचलणार? कोण आहे तो?”

साहेबांनी शांतपणे कागद काढला. “मागणी क्रमांक पाच,” त्यांनी वाचलं. “‘सदर जागेची दर सोमवारी सकाळी पाहणी करून आढळेल ते वाहन तात्काळ उचलावे!!!’ मागणी मंजूर झाली. अंमलबजावणी आजपासून.” त्यांनी मान वर केली. “पत्रकावर नाव नव्हतं, पण अर्जावर तुमचीच सही आहे. खूप पाठपुरावा केलात, मॅडम. इथे सही करा. तक्रारदार म्हणून.”

मी सही केली.

“आणि वाहनमालक?”

बाबा खुर्चीतून उठले आणि त्याच कागदावर, माझ्या सहीच्या खाली, त्यांनी सही केली. दोन्ही सह्यांच्या शेवटच्या अक्षराला एकसारखी लांब शेपूट होती. साहेबांनी ती बघितली आणि घाईने कागदाची घडी घातली. चांगला माणूस.

मेस्त्री साडेनऊला चार नवे बोल्ट घेऊन आले तेव्हा फूटपाथवर चार विटा आणि एक प्लास्टिकची खुर्ची होती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात हसण्यासारखं फार नाही. गाडी सुटायला महिना गेला. नवीन तारीख मिळाली, आणि गाडी नापास झाली. ब्रेकमुळे नाही. ब्रेक उत्तम आहेत असं तपासणाऱ्याने मुद्दाम सांगितलं. खालची चौकट मिठाने खाल्ली होती. बाबांनी एकच अट घातली. गाडी कापायची तर दिगूने कापायची. मेस्त्रींनी कापली. मागची फळी त्यांनी अख्खी घरी आणून दिली, आणि त्या दोन नव्या डिस्कही. “या वेळी हाताने निघाल्या,” ते म्हणाले.

मी वॉर्ड ऑफिसात गेले. दिगूमेस्त्रींना जागा मिळावी म्हणून अर्ज, पत्रक, खेटे, सगळं पुन्हा. या वेळी खाली पूर्ण नाव घातलं. (बाबांनी ते तपासलं, आणि लाल पेनने एक सोडून सगळी उद्गारचिन्हं खोडली.) रस्त्यापलीकडे बंद गाळ्यापुढे जागा द्यायला साहेब तयार आहेत, फाइल फिरते आहे. तोवर मेस्त्री जुन्या जागी बसतात, पण पेट्या भिंतीला लावून, आजींना जायला वाट ठेवून. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचं निदान मेस्त्रींच्या आधी करतात.

सोमवारची पाहणी रद्द करावी असाही अर्ज मी दिला. त्याचं उत्तर आलं. पाहणी रद्द करण्याबाबतचा निर्णय पाहणीनंतर घेण्यात येईल.

म्हणून दर सोमवारी सकाळी सात वाजता मी कंप्रेसर, दोन पेट्या, जॅक आणि बाबा हे सगळं उचलून आमच्या तळमजल्याच्या गॅलरीत आणते. (दुरुस्तीचं सामान आवारात आणू नये, या कलम तीनचा भंग. नाडकर्णीकाका त्या वेळी मुद्दाम मॉर्निंग वॉकला जातात.) साडेआठला साहेब येतात. मोकळ्या फूटपाथकडे बघतात, वही पुढे करतात, आणि ‘जागा मोकळी आढळली’ या वाक्याखाली मी तक्रारदार म्हणून सही करते. सहीशेजारी दर वेळी माझ्या अंगठ्याचा ग्रीसचा काळा ठसा उमटतो. साहेब तो बघतात, वही मिटतात आणि म्हणतात, “असंच लक्ष ठेवा, मॅडम.”